हात दाखवून अवलक्षण



पाऊस सरत आला होता. पनवेलमध्ये घरकामगार बायकांची बैठक होती. विषय नेहमीचाच, आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापतात त्याचे काय करायचे. हजेरीच्या वहीत सह्या घेत मी फिरत होते. एक मावशी पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या. सही येत नसेल असे वाटून मी शाईचे पॅड पुढे केले. तशा त्या म्हणाल्या, "सही येते हो ताई. चौथी झालेय मी. हात दाखवायला नको वाटतं."

शेजारणीने त्यांचा हात ओढून पुढे आणला. उजव्या हाताची तीन नखे पिवळट-तपकिरी, जाड, कडेने भुगा होऊन गळत असलेली. नखांभोवतीची कातडी लाल, फुगलेली. चार घरची भांडी, दोन घरची फरशी आणि एका घरी सकाळच्या पोळ्या, असे त्यांचे काम. पोळ्यांचे पैसे सगळ्यांत बरे मिळायचे. गणपतीच्या आधी त्या घरच्या वहिनींनी नखे पाहिली. म्हणाल्या, "मावशी, घरात लहान मुलं आहेत. उद्यापासून पोळ्यांना नका येऊ." आणि वर, "अगदीच सोडू नका, भांड्यांना या हवं तर."

म्हणजे ज्या कामाने नखे गेली तेच काम पदरात पडले, आणि चार पैसे बरे मिळत होते ते गेले.

हे सगळे आम्ही ऐकले, हळहळलो. थोड्या वेळाने पोहे आले. मावशी बशा भरायला उठल्या आणि माझ्या तोंडून निघून गेले, "राहू द्या मावशी, मी भरते." त्या गुपचूप खाली बसल्या. आपण काय बोललो ते मला परतताना एसटीत कळले. म्हणून या अंकाचे संपादकीय नखांवर आहे.

हिंसाचार, पोटगी, रेशन, रोजगार असे प्रश्न समोर असताना नखांचे काय घेऊन बसलात, असे काही मैत्रिणी विचारतील. बायकांची दुखणी अशीच 'नंतर बघू'च्या फडताळात पडून राहतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कोणता ना कोणता त्रास होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे घराघरांत होते, विचारणारे कोणी नव्हते. अंगावर पांढरे जाण्याबद्दल बोलायला आपण शिबिरांमधून शिकलो. बोटांच्या टोकांवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी असलेल्या दुखण्याबद्दल मात्र अजून बोललो नाही.

आता दुखणे नीट समजून घेऊ. नख बिघडवणारी बुरशी मुख्यत्वे दोन प्रकारची. एक, गजकर्ण किंवा नायटा करते त्याच कुळातली. ती बहुधा पायाच्या नखांना धरते. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, तिथून ती हळूहळू नखाखाली सरकते. नख टोकाकडून पिवळे पडते, जाड होते, खाली भुसा साठतो, नख बिछान्यापासून सुटते. दुसरी म्हणजे कॅन्डिडा. ही निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यात राहत असते. सतत ओल्या राहणाऱ्या हातांवर तिला संधी मिळते.

हाताच्या नखांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नखाच्या मुळाशी कातडीची एक पातळ, पारदर्शक कड असते. ती डबीच्या झाकणासारखी नख आणि कातडी यांमधली फट बंद ठेवते. तासन्‌तास पाणी, साबणाची वडी, भांड्यांची पावडर, तारेची घासणी, फरशीचे फिनेल, संडासाचे ॲसिड यांनी ही कड झिजते आणि एक दिवस नाहीशी होते. फट उघडी पडली की पाणी आत शिरते, सूज येते, आणि मग बुरशी व जंतू मुक्कामाला येतात. अचानक ठणकणारे, पू धरणारे नखुरडे आपल्याला माहीत असते. हे जुनाट नखुरडे मात्र सहा आठवड्यांहून अधिक चालते. दुखते कमी, जात नाही. त्याचे मूळ कारण ओल आणि साबण. बुरशी तिथे मागाहून येते.

हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मावशींना 'घाणेरडी नखं' म्हणून घरी पाठवले गेले. प्रत्यक्षात त्यांची नखे घाणीने बिघडली नाहीत, स्वच्छतेने बिघडली. लोकांची घरे स्वच्छ करता करता बिघडली.

आपल्या भाषेला हे माहीत आहे. पायाच्या या दुखण्याला आपण 'चिखल्या' म्हणतो. त्या शब्दात चिखलाला दोष आहे, बाईला नाही. पनवेल तालुक्यातल्या ज्या गावांत भाताची खाचरे अजून उरली आहेत तिथे जुलैमध्ये लावणीला बायका दिवसभर पोटरीएवढ्या चिखलात वाकलेल्या असतात. त्यांच्या पायाला चिखल्या झाल्या तर गावात कोणी त्यांना अस्वच्छ म्हणत नाही. काम तसे आहे हे सगळ्यांना दिसते. शेते गेली, इमारती आल्या. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर इथल्या स्वयंपाकघरांत तीच ओल बंद दाराआड गेली. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. कोळंबी सोलणे हे बायकांचे काम, आणि ते बर्फाच्या पाण्यात चालते. बाजारात बसणाऱ्या कोळणीचे हात सकाळपासून पाण्यात. धुणे, भांडी, लावणी, मासळी ही ओली कामे बायकांच्या वाट्याला. आणि बाहेरचे काम संपवून घरी आले की घरची भांडी उरलेलीच असतात, त्यांना खाडा नसतो.

जर्मनीच्या कामगार-सुरक्षा नियमांत 'ओले काम' असा वेगळा प्रकारच आहे. दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहत असतील तर ते ओले काम, आणि त्यापासून कामगाराचे रक्षण करणे ही मालकाची जबाबदारी. आम्ही मावशींचे तास मोजले. घरचे धरून साडेसहा भरले.

वहिनींच्या मनातली भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही, पण ती चुकीच्या माहितीवर उभी होती. नखाची बुरशी पसरते ती एकच नेलकटर सगळ्यांनी वापरल्याने, दुसऱ्याच्या चपला-मोजे घातल्याने, सामाईक न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर अनवाणी चालल्याने. तव्यावर भाजलेल्या पोळीतून ती कोणाच्या नखाला जात नाही. मात्र बोटाला पू झाला असेल तर ते बोट अन्नात जाऊ नये. त्या पुवातले जंतू अन्न बिघडवू शकतात. अशा वेळी काम थांबवणे योग्यच आहे, पण चार दिवसांची भरपगारी सुट्टी देऊन. कायमचे काढून टाकून नव्हे.

उपचारांकडे येते. पहिली गोष्ट, प्रत्येक बिघडलेले नख बुरशीचे नसते. अशा नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. मार लागून, सोरायसिसने, घट्ट चपलेने, वयानेही नखे जाड आणि वेडीवाकडी होतात. म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खाण्याआधी तपासणी करून घ्यावी. नखाचा तुकडा आणि खालचा भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधी तपासणी आहे, सुई टोचावी लागत नाही. एकाच नखात काळा उभा पट्टा आला आणि तो रुंद होत चालला, तर मात्र थांबू नका. तो क्वचित कर्करोगही असू शकतो.

दुसरी गोष्ट, धीर. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम १ ते दीड. बिघडलेले नख दुरुस्त होत नाही, त्याच्या मुळाशी नवे चांगले नख येऊन जुने पुढे ढकलले जाते. त्यामुळे बुरशी मेली तरी हाताचे नख पूर्ण दिसायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचे वर्ष-दीड वर्ष लागते. "पंधरा दिवस मलम लावलं, काही गुण नाही," म्हणून सोडून देणाऱ्या कितीतरी बायका भेटतात. एकच-दोन नखांचे टोक बिघडले असेल तर नखाला लावायचे औषधी लाखेसारखे द्रव मिळतात, पण ते महिनोन्‌महिने लावावे लागतात. नख मुळापर्यंत गेले असेल तर पोटात घ्यायची औषधे लागतात. टर्बिनाफिन हे त्यातले मुख्य. हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे रोज एक गोळी. कॅन्डिडा असेल तर बहुधा इट्राकोनाझोलसारखे दुसरे औषध देतात. या औषधांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, इट्राकोनाझोल हृदय दुबळे असणाऱ्यांना चालत नाही, इतर औषधांशीही त्याचे पटत नाही. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना नखांसाठी या गोळ्या घेऊ नयेत. त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायच्या, शेजारणीच्या चिठ्ठीवर नाही.

तिसरी गोष्ट, औषधाच्या दुकानातून तोंडी सांगून आणलेली मलमे. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि कडक स्टेरॉईड एकाच ट्यूबमध्ये असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि आत बुरशी फोफावते. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉईड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले, त्याच वर्षी अशा काही मिश्रणांवर बंदीही घातली. तरी गल्लीतल्या दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटले की काय हातात पडते ते आपण जाणतो. (जुनाट नखुरड्याची सूज उतरवायला डॉक्टर स्वतः थोडे दिवस स्टेरॉईड मलम देतात, ते वेगळे. तिथे तपासून, मोजून दिलेले असते.) घरगुती उपायांचेही तसेच. लिंबात बोट घालणे, चुना भरणे, मशेरी दाबणे यांनी आधीच सोललेली कातडी आणखी भाजते. नेलपॉलिशने आजार झाकला जातो, बरा होत नाही.

मधुमेह असणाऱ्या बायकांना वेगळे सांगते. तुमच्या पायाचे जाड नख ही दिसण्यापुरती गोष्ट नाही. नखाच्या कडेने कातडी फाटते, संवेदना कमी असल्याने कळत नाही, आणि तिथून जखम चिघळते. रोज संध्याकाळी पाय पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर मुलाला, नवऱ्याला पाहायला सांगा. पाहिले तर काही बिघडणार नाही त्यांचे.

मावशींना आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासणी झाली, बुरशी निघाली, गोळ्या मिळाल्या. डॉक्टर चांगले होते, नीट समजावून सांगत होते. शेवटी म्हणाले, "आणि हो, दोन महिने हात पाण्यात घालायचे नाहीत." मावशी हसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आणि दोन महिने खायचं काय, ते पण लिहून द्यायचं ना."

साऱ्या उपचाराचे घोडे इथेच अडते. गोळीने बुरशी मरेल, पण झिजलेली कड परत येत नाही तोवर हात कोरडे राहिले पाहिजेत. त्याशिवाय आजार फिरून येणार. आणि हात कोरडे ठेवणे हे एकट्या बाईच्या हातात नाही.

जे आपल्या हातात आहे ते आधी सांगते. काम झाले की हात साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पुसावेत, नखांच्या मुळांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. नखे आखूड ठेवावीत, कडेची कातडी कुरतडू किंवा कापू नये. नेलकटर स्वतःचा वेगळा. पायाच्या चिखल्यांवर लगेच औषध करावे, नखापर्यंत जाऊ देऊ नये. पावसाळ्यात बंद प्लॅस्टिकचे बूट दिवसभर घालण्यापेक्षा पाय उघडे राहतील अशी चप्पल बरी. घरी आल्यावर पाय पुसून कोरडे करायचे.

आणि जोडवी. जोडव्या-मासोळ्यांच्या खाली पाणी आणि साबण साचून राहतो, तिथली कातडी दिवसचे दिवस ओली राहते. उपचार चालू असताना ती काढून ठेवावीत, असे मी बैठकीत म्हटले. क्षणभर शांतता पसरली. एकीने विचारले, "सासू काय म्हणेल?" दुसरी म्हणाली, "नवरा गेल्यावर काढतात ती." नवऱ्याच्या आयुष्याचा भार बाईच्या पायाच्या बोटांवर ठेवलेला आहे. ती बोटे कुजली तरी चालतील. कोणी काय घालावे हे सांगणारी मी नाही. पण डॉक्टरांनी सांगितले म्हणून तरी रात्रीची जोडवी काढून बोटे वाऱ्यावर ठेवायला कोणाची परवानगी लागू नये.

आता जे दुसऱ्यांनी करायचे ते. रबरी हातमोजे, आत सुती मोजे, दोन जोड, म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येईल. सुती मोजा घामाने किंवा पाण्याने ओला झाला की लगेच बदलायचा, नाहीतर मोज्यातच ओल कोंडते. हात पुसायला एक कोरडे फडके. हा खर्च घरमालकिणीने करायचा. भांडी निसटतात अशी बायकांची सुरुवातीची तक्रार असते, आठवड्यात सवय होते. "एवढे कसले चोचले" असे ऐकू येते, तेव्हा विचारावे की तुमच्या घरी भांडी घासण्याच्या यंत्राला जेवढे सांभाळता तेवढे तरी माणसाला सांभाळाल ना? भांड्यांना आणि पोळ्यांना वेगळी बाई, असेही नको. एकाच बाईला दोन्ही कामे देऊन मध्ये हात वाळवायला वेळ द्यावा.

कायद्याकडे पाहिले तर चित्र असे दिसते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात जैविक घटकांमुळे होणाऱ्या त्वचारोगांनाही कामाचे आजार म्हणून जागा दिलेली होती. म्हणजे कामामुळे कातडी बिघडते हे कागदावर मान्य होते. पण तो कागद स्वयंपाकघरापर्यंत कधी पोचला नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा 'घरकाम हे काम आहे' एवढेच पटवून देण्यात बराच काळ गेला. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाचा कायदा आहे, हातमोजे कोणी द्यायचे ते तो सांगत नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार केला. कामाची जागा सुरक्षित आणि आरोग्यदायी असणे हा घरकामगाराचा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट आखण्याचा विचार समिती नेमून करावा असे केंद्र सरकारला सांगितले. ती चौकट आखली जाईल तेव्हा तिच्यात ओल्या कामाचा उल्लेख असावा, यासाठी आपल्याकडे काहीतरी लिहिलेले हवे.

म्हणून प्रत्येक गटाला एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना सगळ्यांनी हात पुढे करा, अर्थात गटातल्या कार्यकर्त्यांनी आधी. वहीत चार रकाने आखा : कोणते काम, दिवसाला किती तास पाण्यात, नखांचा त्रास कधीपासून, त्यापायी किती खाडे किंवा कोणते काम गेले. नावे नकोत. या वह्यांतून आलेले आम्ही पुढच्या अंकात छापू आणि कल्याण मंडळापुढेही ठेवू.

मावशींचे सांगायचे राहिले. त्यांच्या चार घरांपैकी दोन घरांनी हातमोजे आणून दिले, तिसऱ्या घराने "बघू" म्हटले, चौथ्याने नाही म्हटले. पोळ्यांचे काम परत मिळालेले नाही. नखाच्या मुळाशी मात्र नवी गुलाबी कड दिसू लागली आहे. परवाच्या बैठकीला आल्या तेव्हा चहाचे कप त्यांनीच भरून दिले. मी पहिला घेतला. चहा थोडा गोड झाला होता.

आपली,
संपादक